हाड मोडलं की पाया सूप: पोषण किती आणि समजूत किती?

वागळे_इस्टेटकर

आईचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आलो त्या संध्याकाळपासून आमच्याकडे पाया सुरू आहे. मावशी कळव्याहून डबा पाठवते, शेजारच्या काकू वाडगं आणून देतात, मामा तर जांभळी नाक्यावरून खूर भाजून, तोडून घेऊनच आला. "ताई, रोज एक वाटी घे, हाड झटक्यात जुळेल."

माझं मत सरळ आहे, हे पोषण नाही. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेटला बांधलेलं असतं, साध्या पाण्यात ते जवळजवळ उतरत नाही. कुकरच्या दहा शिट्या काढा नाहीतर रात्रभर मंद आचेवर ठेवा. 1934 साली इंग्लंडमध्ये मॅकन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी हाडांचं पाणी तपासलं, तेव्हाही त्यात कॅल्शियम दुधापेक्षा फारच कमी निघालं होतं. 2017 सालच्या एका तपासणीत एका वाढणीतून मिळणारं कॅल्शियम दिवसाच्या गरजेच्या पाच टक्क्यांच्या आतच भरलं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम सांगतं. पेलाभर दुधातून त्यातले दोनशेच्या वर सहज मिळतात.

चवीला पाया मलाही आवडतो, उगाच तुटून पडू नका. माझी तक्रार वेगळी आहे. वाडगाभर गरम, तेलकट सूप प्यायलं की आईची भूक मरते. मग अंडं नको, वरण नको, दही नको. आणि सगळ्यांना वाटतं, आज चांगलं पौष्टिक गेलं पोटात.

चेंदणीची_लेक

तुम्ही नुसतं कॅल्शियम धरून बसलात. हाड म्हणजे काय खडू आहे का? त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, तीच पाया सूपात उतरते. विश्वास नसेल तर उरलेलं सूप फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी झाकण उघडा. वर चरबीचा थर, खाली थरथरणारी खळ. चमचा उभा राहतो. नुसत्या पाण्याचं असं होतं का?

शिवाय मटणातली ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, पोटॅशियमही उतरतं. रस्सा अगदीच रिकामा नसतो.

आणि आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते त्याचं काय? आमच्या कोळीवाड्यात बाळंतिणीला मोरी माशाचं कालवण देतात, सर्दीतापाला चिंबोरीचं गरम सूप. आजीने काही प्रयोगशाळा काढली नव्हती, पण जे पोटात टिकतं आणि जेवण पुढे सरकवतं ते तिला बरोबर कळायचं. भाकरी कुस्करून द्या त्यात. आईची भूक मरतेय ती सूपाने नाही, नुसतं सूप दिल्याने.

वागळे_इस्टेटकर

कुस्करून देणं पटलं. कोलॅजनचं मात्र पटत नाही. आपण खाल्लेलं कोलॅजन पोटात तुटून अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात, ते काही पत्ता विचारत मनगटापर्यंत जात नाहीत.

आणि हा वाद आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांतून जिलेटिन (म्हणजे उकळून उतरलेलं कोलॅजनच) काढून गरिबांना आणि इस्पितळांत सूप पुरवायची टूम काढली होती. स्वस्तात मांसाची सोय! शेवटी मॅजँदी या शरीरक्रियातज्ज्ञाच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि 1841 मध्ये अहवाल दिला: नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगतात. कारण पुढे कळलं, जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतंच. म्हणजे ते प्रथिन असलं तरी अपुरं.

चेंदणीची_लेक

कुत्र्यांना नुसतं जिलेटिन दिलं. तुमच्या आईला कोण नुसतं देतंय? भाकरी आहे, वरण आहे, त्यातून तुमचं ते ट्रिप्टोफॅन येतंच. डाळ-भातात एकाची उणीव दुसऱ्याने भरते हे कौतुकाने सांगता, मग पाया-भाकरीला वेगळा न्याय का?

फक्त_मटण_खारघर

दोघांचंही अर्धवट आहे. सूप सोडा, मुळात भाकरीच सोडा. मी काही महिने मटण, अंडी, मासे, तूप आणि मीठ एवढ्यावर आहे. पोटावरचा घेर गेला, जेवणानंतरची सुस्ती गेली, साखर खाली आली. जिममधले सगळे विचारतात काय करतोस.

"माणूस नुसत्या मांसावर जगू शकत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: स्टेफान्सन नावाचा उत्तर ध्रुवाकडचा संशोधक 1928 मध्ये न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नुसत्या मांसाहारावर राहिला. तो आणि त्याचा जोडीदार, वर्षभर. स्कर्व्ही नाही, काही नाही. एस्किमो पिढ्यान्‌पिढ्या तेच खात होते. आपल्याला मात्र लहानपणापासून चपाती-भात-चपाती-भात, आणि मग चाळिशीत डायबेटिस. नाश्त्याला चार सॉसेज आणि तीन अंडी खाऊन बघा, दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही.

ताटातलं_शास्त्र

मी नेरूळला आहारसल्ल्याचं काम करते. या धाग्यावर यायचं नव्हतं, पण सॉसेज वाचलं आणि राहवलं नाही.

स्टेफान्सनची गोष्ट खरी आहे, फक्त तुम्ही अर्धीच सांगितली. त्यांच्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त उष्मांक चरबीतून येत होते, आणि नुसते पीस नव्हते. कलेजी, गुर्दा, भेजा, नळीतला मगज, सगळं होतं. सुरुवातीला त्याला कमी चरबीचं मांस दिलं तेव्हा तो आजारीच पडला होता. एस्किमोंना क जीवनसत्त्व मिळायचं ते व्हेलच्या कातडीतून आणि कच्च्या मांसातून. खारघरमध्ये तुम्ही काय खाताय, शिजवलेलं चिकन ब्रेस्ट ना? आणि दोन माणसांच्या एका वर्षावरून पुढच्या तीस वर्षांचं आतडं, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल कळत नाही.

साखर खाली आली हे मी मानते. पण पाव, बिस्किटं, थंड पेयं आणि रात्रीचं शेवपुरीचं खाणं बंद झालं त्याचं श्रेय मटणाला कशाला देता? सॉसेज-सलामीबद्दल तर 2015 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलंय: रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण 18 टक्क्यांनी वाढतो. तुमची चार सॉसेज त्याच्या पुढे गेली.

आता पाया. वागळेकर कॅल्शियमच्या बाबतीत बरोबर आहेत. उकळताना आंबट घातलं तर थोडं जास्त उतरतं, पण आपण लिंबू पिळतो ते वाटीत वाढल्यावर, त्याचा इथे काही उपयोग नाही. कोलॅजनचं मात्र एवढं सोपं नाही. 2017 मध्ये आठ तरुणांवर एक प्रयोग झाला. व्यायामाआधी तासभर क जीवनसत्त्वाबरोबर 15 ग्रॅम जिलेटिन दिल्यावर कोलॅजन तयार होत असल्याची रक्तातली खूण वाढलेली दिसली. आठच जण, तेही धडधाकट. आणि 2019 मध्ये बोन ब्रॉथचे, म्हणजे हाडांच्या सूपाचे नमुने तपासले तेव्हा त्यांतलं प्रमाण इतकं कमी-जास्त निघालं की भरवसा ठेवता येऊ नये. तेव्हा ऑनलाइन मटणाच्या भावाने बोन ब्रॉथची पाकिटं घेणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी तर घट्ट रस्सा रोज पिऊच नये, युरिक अॅसिड ज्यापासून बनतं ती प्युरीन पाण्यात उतरतात.

फक्त_मटण_खारघर

चिकन ब्रेस्ट नाही, बोकडाचं, चरबीसकट. कलेजी आठवड्याला असते. सॉसेजचं बघतो. पण डायबेटिसच्या गोळ्या सुटतात की नाही हे माझं शरीर सांगेल, संघटना नाही.

ताटातलं_शास्त्र

गोळ्या स्वतःच्या मनाने सोडल्या असतील तर आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा. बाकीचा वाद नंतर घालू.

साधं_वरण

शाकाहारी माणूस या धाग्यावर म्हणजे कावळ्यांच्या शाळेत हंस, तरी बोलतो. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून पावणेदोनशे आले. तीळ तर त्याच्या कितीतरी पुढे. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे मान्य, पण पायाच्या पाण्यापेक्षा हिशेब बरा आहे. बकऱ्याचा जीव घेऊन वर त्याचे पाय चार तास उकळायचे, सिलिंडर संपवायचा, आणि हाती काय, तर थरथरणारी खळ? घोडबंदरला आमच्या इमारतीत त्या वासावरून सोसायटीच्या सभेत भांडणं होतात ते वेगळंच.

चेंदणीची_लेक

वासाचं काढलंतच तर सांगते, तुमच्या इमारतीच्या आधी इथे खाडी होती आणि खाडीवर सुकत टाकलेले बोंबील होते. आणि ब12 कुठून आणता ते सांगा. नाचणीत नसतं.

साधं_वरण

दूध, दही, ताक. आणि कमी पडलं तर गोळी. लाजायचं काय त्यात?

दुसरी_वाढणी

इतका वेळ वाचतेय. एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. वाटी कोणाला आणि पीस कोणाला?

आमच्या घरी रविवारी मटण आलं की आधी पुरुष आणि मुलं बसायची. पातेलं आमच्यापर्यंत पोचायचं तेव्हा त्यात रस्सा, बटाटा आणि एखादी नळी. "रश्श्यातच सगळी ताकद असते गं," असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यांच्या सासूने त्यांनाही तेच सांगितलं असणार. बाळंतपणातही मला अळणी पाणी मिळालं, त्यातले पीस नवऱ्याच्या ताटात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे असं निघतं, ते काय आभाळातून पडलं? लोह मांसात असतं. पाण्यात नाही.

त्यामुळे सूपाचं कौतुक ऐकलं की माझा संशय जागा होतो. पुरुषांच्या ताटात पीस ठेवायची सोय म्हणूनच ही ताकद रश्श्यात घातलीय की काय!

ताटातलं_शास्त्र

ही तक्रार मी रोज ऐकते. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, पालेभाजी-डाळीतलं त्यामानाने कमी, म्हणून तर जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणाला लागून घेऊ नका असं सांगतो. मांसाहारी घरातल्या बाईला मी सूप लिहून देत नाही. दोन पीस किंवा कलेजीची छोटी वाटी लिहून देते. (गर्भारपणात कलेजी जपून, अ जीवनसत्त्व फार होतं.) कागदावर मुद्दाम "स्वतः खायचे" असं लिहावं लागतं.

चेंदणीची_लेक

आमच्यात मासळी आणणारी, विकणारी बाई, त्यामुळे तुकडी वाटणारीही तीच. तरी तुमचं म्हणणं खोटं नाही. माझ्या आत्याच्या सासरी हेच होतं.

वागळे_इस्टेटकर

दुसरी_वाढणी, पायाचे पीस आमच्याकडे कोण खातं ते पाहिलं. मामा. काल रात्री चार खूर चोखून गेला.

बरं, चेंदणीताई, हाडातलं कॅल्शियम पाण्यात येत नसेल तर हाडच खाल्लेलं बरं, म्हणजे बारीक मासळी. आईला मांदेली काट्यासकट चालतील? दात बरे आहेत तिचे.

चेंदणीची_लेक

आता आलात रस्त्यावर. मांदेलीचं डोकं काढा, रवा लावून तव्यावर कडक होऊ द्या, काटा कुरकुरीत झाला की चावून जातो. कोपरीच्या बाजारात मिळतील, नाहीतर सकाळी दिवाळ्याला जा. ताजी नाही मिळाली तर सुका जवळा आणा, तो तर अख्खाच पोटात जातो. कांदा जरा जास्त, कोकम दोन, आणि नाचणीच्या भाकरीबरोबर द्या म्हणजे वरणवाल्यांचाही मान राहील.

साधं_वरण

भाकरी आमची, जवळा तुमचा. पण सुक्या मासळीत मीठ किती असतं? त्या बाईंना बीपी असेल तर?

चेंदणीची_लेक

खारं वेगळं, सुकट वेगळी. खारा बांगडा मिठात मुरवतात, तो बीपीवाल्यांना नको. जवळा नुसता उन्हात वाळतो. पण वाळू असते हो त्यात. आधी चाळून घ्या, कोरडाच भाजा, मग दोन पाण्यांतून काढा. आणि तो मामाच्या हातात देऊ नका.