शब्दचर्चा : युरॉकांचं ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे ‘आरक्षण’ का?

कोरा कागद : कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला क्लॅमथ नदीच्या खालच्या अंगाला युरॉक या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची गावं. आल्फ्रेड क्रोबर आणि टी. टी. वॉटरमन या मानववंशशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर काम केलं. त्यातले कागद आणि मेणाच्या नळ्यांवरची ध्वनिमुद्रणं बर्कलेच्या विद्यापीठात जपलेली आहेत. अशा संग्रहाच्या सूचीचं मराठी करायला घेतलं की पहिल्या पानावरच गाडी अडते. ‘रिझर्व्हेशन’ला, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या जमिनीला, काय म्हणायचं? ‘लँड राइट्स’ला ‘जमिनीचे हक्क’ चालेल का? ‘इन्फॉर्मंट’ आणि ‘लिनिअर फीट’ला प्रतिशब्द आहेत का?

सातबारा : ‘आरक्षण’ अजिबात नको. मराठी वाचकाला आधी नोकरी-शिक्षणातल्या जागा आठवतील, नाहीतर विकास आराखड्यात प्लॉटवर पडलेलं बागेचं आरक्षण. ‘राखीव क्षेत्र’ त्यातल्या त्यात बरं. पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खुलाशाचं द्या, कारण आपल्याकडे ‘राखीव वन’ म्हणजे लोकांपासून राखलेलं रान. इथे ते लोकांसाठी राखलेलं, निदान कागदावर तरी.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळ्या काळाला एकच नाव लावणं. १८५१ मध्ये विचपेक गावाजवळ अमेरिकन सरकारशी तह झाला, पण कॅलिफोर्नियातले त्या वेळचे सगळे म्हणजे १८ तह सिनेटने फेटाळले. मग १८५५ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नदीच्या मुखापासून वर सुमारे २० मैल, दोन्ही काठांना एकेक मैल, असा पट्टा ठरला. हा ‘क्लॅमथ रिव्हर रिझर्व्हेशन’. १८९१ च्या आदेशाने तो पट्टा आणि मधली जमीन वरच्या हुपा खोऱ्याच्या, म्हणजे शेजारच्या हुपा जमातीच्या, क्षेत्राला जोडली. त्यानंतरच्या कागदांत ‘एक्स्टेन्शन’ किंवा ‘ॲडिशन’ दिसेल, आणि मूळ हुपा भागाला ‘स्क्वेअर’, कारण तो साधारण १२ मैलांचा चौरस आहे. १९८८ च्या कायद्याने दोन्ही पुन्हा वेगळे केले, तेव्हा ॲडिशन युरॉकांकडे आली. म्हणून १९२० च्या टिपणात ‘युरॉक राखीव क्षेत्र’ असं भाषांतर केलं तर ते चक्क चुकीचं. मूळ नाव देवनागरीत ठेवा आणि शेजारी साल लिहा.

बोरूबहाद्दर : सहमत. याच माळेतला ‘अलॉटमेंट’ही बघा. ‘वाटणी’ लिहिलेलं पाहिलं आहे. वाटणी भाऊबंदांत होते, आपसांत. इथे १८८७ चा कायदा आणि खास या पट्ट्यासाठीचा १८९२ चा कायदा यांनी सामूहिक जमिनीचे तुकडे पाडून माणशी नावावर केले आणि उरलेली जमीन बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुली केली. ‘सरकारी वाटप’ म्हणावं तर सरकारने स्वतःच्या खिशातलं काही दिलं असा भास होतो. मी ‘तुकडेवाटप’ सुचवेन. शब्द ओबडधोबड आहे, पण फसवत नाही.

‘ट्रस्ट लँड’ला ‘न्यासाची जमीन’ लिहिलं तर देवस्थान डोळ्यांपुढे येतं. ‘सरकारच्या विश्वस्तीतली जमीन’ असं उकलून लिहा. आणि ‘हेअरशिप लँड’ हा शब्द आला तर आनंद माना, कारण ते आपल्या वाचकाला लगेच कळतं : एक मूळ धारक, तीन पिढ्या, आणि उताऱ्यावर चाळीस वारसांची नावं.

सातबारा : एक जोडतो. १८९२ च्या कायद्याने राखीव क्षेत्र ‘संपलं’ असं जुन्या कागदांत बिनदिक्कत लिहिलेलं असतं. १९६९ साली राज्याच्या अधिकाऱ्याने एका युरॉक माणसाची जाळी जप्त केली, त्यावरून खटला झाला आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमीन वसाहतीला खुली झाली तरी राखीव क्षेत्र संपलं नव्हतं. त्यामुळे ‘ओपन्ड’ला ‘खुली केली’ एवढंच. ‘रद्द केलं’ नाही.

नदीष्ट : आता मुख्य मुद्दा, ‘लँड राइट्स’. क्रोबरच्या १९२५ च्या ग्रंथातलं युरॉक कायद्यावरचं प्रकरण आणि वॉटरमनचा १९२० चा भूगोल वाचला की कळतं, सगळ्यात काटेकोर हक्क शेताचा नाही, मासे धरण्याच्या जागेचा. नदी वळते तिथे काठाला पाणी उलटं फिरतं, सामन तिथे विसावतो, म्हणून तिथेच जाळं. ही जागा माणसाच्या मालकीची. ती विकता येते, वारशाने जाते, तिच्यात हिस्से असतात. हिस्सेदार अनेक असतील तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे एक किंवा अधिक दिवस आळीपाळीने वापर. शिवाय नवी जागा काढायची नाही आणि मान्य जागेच्या खालच्या बाजूला जाळं लावायचं नाही.

याला ‘जमिनीचा हक्क’ म्हटलं की सगळा रस निघून जातो. ‘मासेमारीचा मक्ता’ म्हटलं की लिलाव आणि तलाव आठवतो. मला चपखल वाटतो तो शब्द ‘पाळी’. देवळातल्या पुजाऱ्यांची पाळी दिवसांत मोजतात, वारशाने येते, तिच्यात हिस्से पडतात. क्रोबरने जे वर्णन केलं आहे ते जवळजवळ हेच. म्हणून ‘जाळ्याची जागा’ आणि ‘जागेची पाळी’ असे दोन शब्द ठेवावेत.

कोरा कागद : ‘वतन’ का नाही? वंशपरंपरागत, हिस्से पडणारं, विक्रीचीही उदाहरणं आहेत.

नदीष्ट : वतनाच्या वर राज्य असतं. सेवा करायची, बदल्यात वतन, सनद सरकारची. युरॉकांकडे राजा नव्हता, ना सनद ना दफ्तर. गावाचा मुखियाही नाही. श्रीमंत माणसाचं वजन असे, एवढंच. वाद झाला तर दोन्ही बाजूंचे मध्यस्थ भरपाई ठरवत. ‘मिरास’ थोडा जवळ येतो, कारण मिरास विकता येई, मिरासपत्र होई. पण तिलाही सारा चिकटलेला. आपले जमिनीचे बहुतेक शब्द वर कुणीतरी वसूल करणारा बसलाय असं धरून चालतात, म्हणून जपून.

बोरूबहाद्दर : म्हणूनच ‘सुविधाधिकार’ही नको, तो थेट १८८२ च्या कायद्यात नेतो. ‘खाली जाळं लावायचं नाही’ हा त्या हक्काचाच भाग आहे, वेगळा अधिकार नव्हे. वाक्यात सांगा, संज्ञा करू नका.

आणि ‘लिनिएज’ला ‘कूळ’ लिहिताना दोनदा विचार करा. ‘कुळाचा हक्क’ वाचून निम्मे लोक कुळकायद्यात शिरतील. ‘घराणं’ बरं. तेही इथे शोभतं, कारण युरॉकांची घरं नावाची असत आणि माणूस घराच्या नावाने ओळखला जाई.

दफ्तरी : संग्रहाच्या शब्दांकडे येतो. ‘अर्काइव्ह’ला ‘पुराभिलेखागार’ हा सरकारी शब्द आहे आणि तो बरोबर आहे, पण एका संशोधकाच्या कागदांना तो अवजड पडतो. तिथे ‘दफ्तर’ सुटसुटीत : ‘क्रोबर दफ्तर’. पेशवे दफ्तर म्हणतोच की आपण. ‘फाइंडिंग एड’ म्हणजे ‘वर्णनसूची’. नुसती ‘यादी’ नको, कारण तिच्यात कागद कुणी तयार केले, कसे आले, काय पाहायला परवानगी लागते हेही असतं.

‘लिनिअर फीट’ हे सगळ्यांना चकवतं. ते कागदाचं माप नाही, कागद फडताळावर किती लांब जागा अडवतात त्याचं. अमेरिकेत मोठा खोका १.२५ फूट धरतात आणि अरुंद पेटी ०.४ फूट. म्हणजे ‘१० लिनिअर फीट’ हे ८ खोके किंवा २५ पेट्या. ‘१० फूट कागद’ लिहिलं तर गठ्ठ्याची उंची वाटते. ‘फडताळावर १० फूट’ लिहा. ‘बॉक्स’ला हौसेने ‘रुमाल’ करू नका. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, आणि संदर्भक्रमांक बॉक्सचा आहे.

‘फील्ड नोट्स’ : क्षेत्रटिपणं. ‘ट्रान्स्क्रिप्ट’ आणि ‘ट्रान्स्लेशन’ वेगळे ठेवा. जुन्या कागदांत एका ओळीत युरॉक, खाली शब्दशः इंग्रजी, त्याखाली मोकळं इंग्रजी असे तीन थर येतात. तिन्हीला ‘अनुवाद’ म्हटलं की कोणता थर बघितला ते वाचकाला कळत नाही.

कोरा कागद : आणि ‘इन्फॉर्मंट’?

दफ्तरी : ‘खबऱ्या’ पोलिसांचा, ‘निवेदक’ टीव्हीचा. ‘माहितगार’ हा जुना आणि मानाचा शब्द आहे, तोच घ्या. मात्र रॉबर्ट स्पॉट या युरॉक माणसाला नुसतं माहितगार म्हणून थांबू नका. १९४२ च्या कथनांच्या ग्रंथावर क्रोबरच्या जोडीने त्याचं नाव लेखक म्हणून आहे, पहिलं. ल्यूसी थॉम्पसन तर माहितगारही नव्हे. तिने १९१६ मध्ये स्वतःचं पुस्तक छापलं. सूचीत तिला ‘युरॉक स्त्री’ लिहून लेखिकेचा रकाना मोकळा सोडला तर तो सूचीकाराचा दोष.

नदीष्ट : शोधताना आणखी एक अडचण येते. जुन्या कागदांत युरॉकांना बरेचदा ‘क्लॅमथ’ किंवा ‘लोअर क्लॅमथ’ म्हटलंय, आणि ओरेगॉनमधली क्लॅमथ जमात पूर्ण वेगळी आहे. फक्त ‘युरॉक’ टाकून शोधलं तर अर्धं हाती लागत नाही, फक्त ‘क्लॅमथ’ टाकलं तर दुसऱ्यांचं सापडतं. रेक्वा, पेक्वन, केपेल, विचपेक अशी गावांची नावं टाकून शोधा.

बोरूबहाद्दर : ‘सेक्रेड साइट’ला ‘देवराई’ सुचवणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. देवराई देवाला सोडलेली, बहुधा गावाला लागून. युरॉक आणि त्यांचे शेजारी कारुक व टोलोवा यांची चिमणी रॉक, डॉक्टर रॉक ही ठिकाणं उंच डोंगरात आहेत, तिथे शक्ती आणि औषधविद्या मिळवायला एकट्याने जात. ‘साधनास्थळ’ बरं. तिथून लाकूड वाहायला रस्त्याचा शेवटचा सुमारे ६ मैलांचा तुकडा काढायचा होता. वन खात्यानेच मागवलेल्या १९७९ च्या मानववंशशास्त्रीय अहवालाने तो करू नका असं सांगितलं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरी ५ विरुद्ध ३ मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. रस्ता मात्र झाला नाही. १९९० मध्ये संसदेनेच तो पट्टा संरक्षित केला. तेव्हा ‘निकालामुळे जागा गेली’ असं टिपेत लिहू नका.

सातबारा : आणि ‘लँड बॅक’? ‘परतावा’ प्राप्तिकराचा झाला. ‘जमीनवापसी’ म्हणता येईल, पण ब्लू क्रीकच्या सुमारे ४७,००० एकरांना (१९,००० हेक्टर) नुसतं ‘परत मिळाले’ म्हणू नये. ती जमीन लाकूड कंपनीकडून एका संवर्धन संस्थेने टप्प्याटप्प्याने विकत घेतली आणि जमातीकडे दिली, व्यवहार २०२५ मध्ये पुरा झाला. ‘खरेदी होऊन परत आली’ हे बरोबर.

कोरा कागद : मग ‘युरॉक’ तरी त्यांचा स्वतःचा शब्द आहे ना?

नदीष्ट : नाही. तो वरच्या शेजाऱ्यांचा, कारुकांचा. त्यांच्या भाषेत ‘युरुक’ म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला, ‘कारुक’ म्हणजे वरच्या अंगाला. घाटावरचे आणि तळकोकणातले म्हणतो ना, तसं. युरॉक भाषेतही दिशा नदीवर बेतलेल्या : ‘पुल’ खाली, ‘पेत्स’ वर. नदी वळली की दिशा वळते. म्हणून टिपणात ‘डाउनरिव्हर’ आलं तर ‘पश्चिमेला’ कधीच करू नका. ‘खालच्या अंगाला’ लिहा आणि पुढे जा.