वर्षभरात १२ जुनी आणि १२ नवी पुस्तकं, पण पहिल्यावरच अडकले

वाचूआनंदे:
यंदा ठरवलंय, महिन्याला एक जुनं नि एक नवं पुस्तक. जुन्यात थेट १८५७च्या 'यमुनापर्यटन'पासून सुरुवात केली आणि तिथेच गाडी रुतली. लोकलमध्ये उभ्याने वाचते, परवा डुलकी लागून पुस्तक समोरच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीत पडलं, कोथिंबिरीसकट परत मिळालं. सोडून पुढे जाऊ का, की चीटिंग होईल?

चहाबाज:
चीटिंग कसली, परीक्षा आहे का ही? मी पण असंच काळाच्या क्रमाने जायचं ठरवलेलं, मार्चमध्ये गारद. मग मधेच 'रणांगण' उचललं, १९३९चं, छोटंसंच, युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी माणूस नि ज्यू मुलगी, एका रात्रीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नुसता बसून होतो. क्रम सोडा.

एकपानरोज:
मी म्हणेन 'यमुनापर्यटन' सोडू नकोस गं. भाषा पाद्री वळणाची आहे, उपदेशही भरपूर, मान्य. पण विधवांचे हाल त्या काळी कोणी कादंबरीत मांडले होते? रोज चारच पानं, तीही घरी, मोठ्याने वाच. लोकलसाठी नवं ठेव. 'रिंगाण' बघ, २०२३चा साहित्य अकादमी मिळालेलं, धरणात गाव गेलेली माणसं नि मागे राहिलेली म्हैस. बोली अंगवळणी पडायला जरा वेळ लागतो बरं का.

वाचूआनंदे:
ओके, चार पानं घरी. कोथिंबिरीचा वास अजून येतोय पण.