मिरजेला खाँसाहेबांच्या सभेला निघालोय : तुमचे अनुभव सांगा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात जण पुण्यात एकाच्या घरी जमतो आणि जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतो. सुरुवात कोणापासूनही होवो, शेवटी गाडी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांवरच येते. मागच्या बैठकीत त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी लागोपाठ चार वेळा लावली. संपल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातला सगळ्यात अबोल माणूस म्हणाला, "इतकी वर्षं ऐकतोय, एकदा त्यांच्या दारात जाऊन बसू या की."

दार म्हणजे मिरज. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. घराण्याला किराणा हे नाव पडलं तेही त्या गावावरून. पण घर केलं मिरजेत आणि मातीही मिरजेचीच मिळाली. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसात तिथेच त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र संगीत सभा चालते. आमच्यातलं कोणीही आजवर गेलेलं नाही. तारखा कशा धरायच्या, बसायचं कुठे, बायकामाणसांना रात्रभर थांबता येतं का, हे विचारायचं आहेच. पण नुसती माहिती नको. तुम्ही गेलात तेव्हा काय घडलं ते सविस्तर लिहा. आम्ही सगळं वाचून मगच तिकिटं काढणार आहोत.

सांगलीहून

माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे 'कार्यक्रमाला जाणं' असं आम्ही कधी म्हणालोच नाही. 'सभेला जाऊन येतो' एवढंच. उरुसाची सुरुवात गलेफांनी, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरींनी होते आणि त्यातला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघांची सारखीच ये-जा. तुम्हीही निःसंकोच जा, फक्त डोक्यावर रुमाल किंवा पदर असू द्या.

सभा आवारातल्या चिंचेखाली व्हायची. मी सहा-सात वर्षांची असेन. बाबा मला मांडीवर घेऊन पुढे बसले होते. गाणाऱ्या बाईंच्या मागे तंबोऱ्यावर एक मुलगी होती. वाऱ्याची झुळूक आली की चिंचेची बारीक पानं गळायची आणि तिच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, तिच्या केसांत, तारांवर बसायची. ती तार छेडता छेडता डाव्या हाताच्या करंगळीने अलगद पान उडवायची, ताल न चुकवता. गाणं काय होतं ते आठवत नाही. ती करंगळी आठवते. मी पुढे गाणं शिकले ते तिच्यामुळे असं मला मनापासून वाटतं.

बायकांचं विचारलंत म्हणून सांगते, मी आई, मावशी आणि दोन आत्यांबरोबर पहाटेपर्यंत बसलेली आहे. घरचे लोक बसतात तसंच सगळे बसतात. हिराबाई बडोदेकर मिरजेतच जन्मल्या, १९०५ साली, खाँसाहेबांच्याच कन्या. त्यामुळे इथे बाई गायला बसली की जुनी माणसं जरा सावरून बसायची, हे मी पाहिलंय.

सोलापूरहून

तारखेचं मी सांगतो, कारण मी चुकलो होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा इतका भारावून आलो की परत आल्या आल्या पुढच्या वर्षीच्या त्याच तारखांना रजा टाकून ठेवली. कुर्डुवाडीवरून पंढरपूरमार्गे मिरजेला उतरलो, रिक्षावाल्याला म्हटलं, "सभेला सोडा." त्याने मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "उरूस होऊन गेला की काका." उरूस चांद्र महिन्यावर चालतो, म्हणजे आपल्या कॅलेंडरवर दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तरीही दर्ग्यात गेलो. दुपारची वेळ, आवारात चार-पाच माणसं. कबरीपाशी बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी विचारलं कुठून आलात. झालेला घोटाळा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग तुम्हीच काहीतरी म्हणा." मला गाता येत नाही हो. भजनात टाळ धरतो एवढंच. पण म्हणालो, एक अभंग, दोन कडवी, हळू आवाजात. तेवढ्यासाठी सोलापूरहून येणं झालं असं समजून संध्याकाळच्या गाडीने परत फिरलो. त्यानंतर तीनदा रीतसर सभेला गेलो आहे, पण ती दुपार वेगळी.

तर, तारखा आधी मिरजेतल्या कोणाला तरी विचारून पक्क्या करा आणि मगच आरक्षण. ऑक्टोबरमधली पुण्यतिथी आणि उरूस यांचीही गल्लत करू नका.

चेन्नईहून

पुण्यतिथीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आम्ही मराठी, पण नोकरीमुळे वीस वर्षं इथेच. खाँसाहेब गेले ते आमच्या या भागात, २७ ऑक्टोबर १९३७ ला. मद्रासहून पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात गायला निघाले होते. वाटेत गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाल कोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. शिष्यांनी फलाटावरच अंथरूण घातलं. तंबोरा जुळवून घेतला, नमाज पढला, दरबारी रागाच्या सुरांत नामस्मरण करता करता तिथेच प्राण सोडला, असं सांगतात. तिथून देह मिरजेला नेला. त्या काळी एवढा प्रवास! तरी कोणाच्या मनात दुसरं गाव आलं नसावं.

चेंगलपट्टूच्या लोकलने मी एका ऑक्टोबरात तिथे जाऊन आलो. साधं उपनगरी स्टेशन. कामावरून परतणारी माणसं, फुलं विकणाऱ्या बायका. मी फलाटाच्या टोकाला बाकावर बसलो आणि कानाला लावून भैरवीतली ठुमरी ऐकली. मधेच गाडी यायची आणि सगळं बुडून जायचं, पुन्हा सूर वर यायचा. मिरजेला मात्र अजून गेलेलो नाही. तुम्ही कबरीपाशी गेलात की चेन्नईच्या एका माणसाचाही नमस्कार सांगा.

बेळगावहून

मी गाणं शिकते. माझा तंबोरा मिरजेचाच, आईच्या लग्नाआधीचा. मागच्या खेपेला सभेच्या दोन दिवस आधी मुद्दाम गेले, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बिघडली होती म्हणून. तुम्हीही एक दिवस आधी पोचा आणि तो दिवस सतारमेकरांच्या गल्लीत घालवा. ते पाहिल्याशिवाय सभा अर्धीच कळते असं माझं प्रामाणिक मत आहे.

ही घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. शस्त्रांचं काम सरत गेलं तसे एकोणिसाव्या शतकात ते हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या क्लासमध्ये पेढे वाटले होते. दुकानात शिरलं की आधी भोपळ्यांचा वास येतो, कोरडा, धुळीचा, जुन्या माळ्यावरच्या सारखा. पंढरपूरकडच्या शेतांतून येतात ते. ओळीने टांगलेले असतात, एकेक पोटाशी कवटाळावा एवढा.

माझा तंबोरा ज्यांच्याकडे दिला ते साठीच्या पुढचे. त्यांनी गवसणी काढली, तारा सैल केल्या आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस धरली. इतकी हलकी की घासल्याचा आवाजही येईना. दोन हात फिरवले की थांबायचे, तार चढवायचे, ऐकायचे, पुन्हा उतरवायचे. असं दीड तास. मी घड्याळ पाहिलं तर म्हणाले, "ताई, गडबड असंल तर उद्या या, पण हिला गडबड चालत न्हाई." मग सुताचा तुकडा घेतला, तारेखाली सरकवला. सरकवत गेले, केसभर, केसभर. आणि एका जागी ती तार अचानक उमलली. खर्जाची तार नुसती छेडली, तर आतून गंधार हा वेगळाच सूर स्वच्छ ऐकू यायला लागला. स्वयंभू गंधार हा शब्द मी दहा वर्षं ऐकत होते. त्या दिवशी तो कानाने पाहिला असं म्हणेन.

दुसऱ्या रात्री सभेत बसले तेव्हा गाणं सुरू व्हायच्या आधीची ती पाच मिनिटं, नुसते दोन तंबोरे जुळत असलेली, मला सगळ्यात मोठी वाटली. किराण्याचं गाणं सुराभोवती का फिरतं, खाँसाहेबांना याच गावात का राहावंसं वाटलं असेल, याचं उत्तर मला त्या गल्लीत मिळालं.

पुण्याहून, वय वर्षं ७८

शाल न्या. बसायला जाड सतरंजी न्या. गुडघे दुखत असतील तर कडेची, भिंतीला टेकता येईल अशी जागा धरा. आणि पहाटेच्या गायकाआधी उठून जाऊ नका. मी एकदा उठलो, अजून हळहळ वाटते.

ठाण्याहून

सगळं गोड गोडच लिहायचं नसेल तर माझंही ऐका. उरूस म्हणजे जत्रा. बाहेर पाळणे, खेळणी, खाजा-जिलबीची दुकानं, भोंगे, माणसांचा पूर. मी शांत मैफलीची कल्पना मनात धरून गेलो आणि पहिला तासभर चिडचिड झाली. विलंबित खयाल चालू आणि बाहेरून पाळण्याच्या गाण्याचा ठेका आत येतोय. शिवाय पुढच्या रांगेतले दोघं मोबाइल उंच धरून चित्रण करत होते, मागच्यांना गायकाचा चेहराच दिसेना. हे मला अजूनही खटकतं. कृपा करून तुम्ही तरी तसं करू नका.

पण दोनच्या पुढे जत्रा निवते. पाळणे थांबतात, दुकानं झाकली जातात. उरतात ती ऐकायला आलेली माणसं. त्यात शेतकरी असतात, हमाल असतात, दर्ग्यात नवस फेडायला आलेली कुटुंबं असतात. माझ्या शेजारी उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक माणूस होता. सूर नेमका लागला की त्याची मान बरोबर हलायची. त्याला रागाचं नाव विचारलं तर म्हणाला, "नाव न्हाई ठावं, वडलांसंगं ऐकतोय." माझ्या शहरातल्या सभागृहांत असा श्रोता मला भेटलेला नाही.

जत तालुक्यातून

मी गाण्यातला नाही. आठ-नऊ वर्षं झाली, उन्हाळा होता. वडिलांना मिरजेत दवाखान्यात ठेवलं होतं. आमच्याकडे आजार मोठा असला की माणूस मिरजेलाच आणतात. रात्री त्यांच्या खाटेजवळ भाऊ थांबला आणि मी चहा शोधत बाहेर पडलो. गर्दी दिसली म्हणून चालत गेलो. दर्ग्यात आलो तर एक वयस्कर गायक गात होते. काय गात होते कळलं नाही. एकच ओळ होती, तीच परत परत, पण दर वेळी वेगळी वाटायची. मी खाली बसलो. किती वेळ गेला कळलं नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा मी रडलो. शेजारच्या माणसाने काही न विचारता त्याच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला.

वडील पुढे तीन महिन्यांनी गेले. तेव्हापासून उरुसाला एक रात्र मी जातो. खाँसाहेब कोण ते नंतर वाचलं. आजारी असताना या दर्ग्यात राहून त्यांना बरं वाटलं होतं, अशी गावात आठवण सांगतात. ते वाचल्यावर मला ते जवळचे वाटले. यंदाही असेनच. जेवणाची काळजी करू नका, माझ्याकडे भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर असते.

हुबळीहून

मिरजेपर्यंत येताच आहात तर एकदा पुढे आमच्या हुबळीजवळच्या कुंदगोळलाही या. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्या गावचे. पुण्याचा त्यांच्या नावाचा १९५३ पासूनचा महोत्सव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या गावी नाडगीरांच्या वाड्यात त्यांच्या स्मृतीचं गाणं होतं, ते घरगुती, दगडी वाड्याच्या गार हवेतलं. पोरवयात झिंझोटीची तीच तबकडी ऐकून गुरू शोधायला घर सोडलेले भीमसेनजी शेवटी शिकले ते याच कुंदगोळात, आणि गुरुघरी पाणीही भरलं. तुमच्या बैठकीत चार वेळा लावलेल्या त्या ठुमरीची वाट आमच्या गावावरून जाते.

पुन्हा पुण्याहून, धागा काढणारे आम्ही

काल रात्री सातही जणांनी एकत्र बसून सगळं मोठ्याने वाचलं. सांगलीच्या ताईंचं वाचताना आमच्यातल्या तंबोरा वाजवणारीचा आवाज बसला, पुढचं दुसऱ्याने वाचलं.

ठरलं ते असं. तारखा मिरजेतून पक्क्या झाल्या की सभेच्या आदल्या दिवशी पहाटे मिरजेत उतरायचं. तो दिवस सतारमेकर गल्लीत. सभेच्या दिवशी दुपारी, गर्दी व्हायच्या आत, कबरीपाशी जायचं. चेन्नईचा नमस्कार पोचवायची जबाबदारी आमच्या अबोल मित्राने आपणहून घेतली आहे. मोबाइल मुक्कामावरच ठेवायचे. दोनच्या आधी कोणी उठायचं नाही, आणि दोननंतर तर नाहीच. कुंदगोळ पुढच्या खेपेला, पण नक्की.

सोलापूरचे काका, तुम्ही यंदा येणार असाल तर कळवा. भिंतीकडेला सतरंजी टाकून तुमची जागा धरतो. जतच्या दादांनी तिथेच यावं. भाकरी त्यांची, चहाचे दोन मोठे थर्मास आमचे.