शब्दचर्चा: बिस्त्रो, ट्रॅटोरिया आणि आपली खाणावळ

माजिवडेकरीण

मंडळी, आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी एक लेख लिहायला घेतलाय. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, कोलशेतकडे, तिकडे नवी मुंबईत बेलापूर-सीवूड्सच्या पट्ट्यात हल्ली युरोपीय वळणाची हॉटेलं निघालीत. लाकडी टेबलं, दिव्यांच्या माळा, चार कुंड्या, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू. स्टेशनच्या गर्दीपासून लांब, आणि 'उठा आता, मागे लोक उभे आहेत' असं कुणी नजरेनं सुचवत नाही. पण लिहायला बसले आणि शब्दांपाशीच अडले. एका पाटीवर 'बिस्त्रो', दुसरीवर 'ट्रॅटोरिया', तिसरीवर 'ब्रासरी', आत मेनू जवळजवळ तोच. यांत फरक काय? आणि 'कॅज्युअल डायनिंग'ला मराठीत काय लिहू? 'अनौपचारिक भोजन' असं लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमंत्रण न देता?"

अर्धा कप

सासूबाईंना शंभर गुण. सरकारी मराठीत कॅज्युअल लीव्ह म्हणजे 'नैमित्तिक रजा'. त्या चालीवर 'नैमित्तिक भोजन' केलंत तर लोक विचारतील, श्राद्ध कोणाचं? 'निवांत जेवण' लिहा आणि मोकळ्या व्हा.

सेक्टर सतरा

'निवांत' चांगला, पण तो वेळेबद्दल बोलतो. जागेबद्दल आणि बसण्याच्या ढबीबद्दल आपल्याकडे 'ऐसपैस' आहे. कोपराला कोपर लागत नाही, पिशवी मांडीवर ठेवावी लागत नाही, पोरं टेबलाखाली शिरली तरी चालतं, ते ऐसपैस. वाशी स्टेशनसमोर शनिवारी रात्री तुम्हाला जेवण मिळेल, ऐसपैस नाही मिळणार.

एक सूचना. 'निवांत बसायला जाऊ' असं मात्र लिहू नका. 'बसणे' या बिचाऱ्या क्रियापदाला आता बाटलीचा वास लागलाय.

पारसिकचा वारा

ताई, पाट्यांबद्दल थोडं लांबण लावतो.

बिस्त्रो म्हणजे पॅरिसमधलं लहान, साधं, गल्लीतल्या माणसांचं खाण्यापिण्याचं ठिकाण. त्याची गोष्ट सगळीकडे सांगतात: १८१४ मध्ये रशियन फौजा पॅरिसात शिरल्या, सैनिक हॉटेलवाल्यांना 'बिस्त्रा, बिस्त्रा' म्हणजे 'लवकर, लवकर' असं ओरडायचे, त्यावरून नाव पडलं. मोंमार्त्र टेकडीवरच्या एका जुन्या रेस्टॉरंटबाहेर तशी पाटीसुद्धा लावलेली आहे. अडचण एवढीच की फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द १८८० च्या दशकाआधी सापडत नाही. सत्तर वर्षं एखादा शब्द तोंडी राहिला आणि कुणीच लिहिला नाही, हे पटत नाही. गोष्ट रंगतदार आहे म्हणून अंकात घ्या, पण 'असं सांगतात' एवढं जोडा. आणि ती खरी निघाली तर आणखीच मजा: 'लवकर आण' या हाकेवरून पडलेलं नाव आज आपण दोन तास न उठण्याच्या जागेला देतोय.

ब्रासरी हा शब्द बिअर बनवण्यावरून आला. मूळ अर्थ बिअरची भट्टी. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सासचा प्रांत जर्मनांकडे गेला, तिथली बरीच माणसं पॅरिसला आली आणि त्यांच्या ब्रासऱ्यांनी तिथे जम बसवला. बिस्त्रोपेक्षा मोठी, दिवसभर उघडी, मेनू बराचसा ठरलेला. म्हणजे मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द 'परमिट रूम'! १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातल्या परवान्यातून आलेलं हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला कळतच नाही. पण पाटीवर 'परमिट रूम' लिहून आत पंचाहत्तर रुपये जास्त लावून पास्ता विकून दाखवा.

माझा खरा मुद्दा तिथेच आहे. ट्रॅटोरिया बघा. इटलीत 'रिस्तोरान्ते' म्हणजे थाटाचं, आणि ट्रॅटोरिया त्याच्या खालची पायरी. घरची माणसं चालवतात, पदार्थ मोजके, ते त्या गावचे, नेहमीचं गिऱ्हाईक, भाव परवडणारे. हे वर्णन मी नाव न सांगता ठाण्यातल्या कुणालाही वाचून दाखवलं तर तो म्हणेल, "खाणावळ." शब्दाला शब्द बरोबर बसतो. तरी घोडबंदर रोडवर कुणीही 'इटालियन खाणावळ' अशी पाटी लावणार नाही, कारण खाणावळ म्हटलं की महिन्याचा डबा, स्टीलचं ताट आणि 'भात संपला' हे ऐकू येतं. शब्दाचा अर्थ समुद्र ओलांडून येतो, शब्दाची किंमत येत नाही, ती इथे नव्याने ठरते. ट्रॅटोरिया इथे येताना वरच्या वर्गाचं तिकीट काढून आली. उलट 'हॉटेल' खाली उतरलं. विलायतेत मुक्कामाची जागा, आपल्याकडे कटिंग प्यायचं ठिकाणही हॉटेलच.

म्हणून भाषांतराच्या मागे लागू नका. पाटीवर जे आहे ते देवनागरीत लिहा आणि एका वाक्यात ती जागा कशी आहे ते सांगा.

अर्धा कप

'इटालियन खाणावळ' कुणी काढली तर मी पहिला गिऱ्हाईक.

खाडीकाठ

मूळ 'रेस्टॉरंट'चं सांगते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये 'रेस्तोराँ' हे जागेचं नाव नव्हतं, पदार्थाचं होतं. थकल्याभागल्याला ताकद देणारं मांसाचं सार. फ्रेंच क्रियापदाचा अर्थ पूर्ववत करणं, तरतरी आणणं. साराचं नाव पुढे ते विकणाऱ्या जागेला चिकटलं. आता आपल्या जुन्या पाट्या आठवा: 'हिंदू विश्रांतीगृह'. आत झोपायची सोय नव्हती, चहा-भजी मिळायची. कुणी फ्रेंच कोश उघडून ते नाव ठेवलं नसणार, पण दोन्हीकडे माणसाला खाण्याआधी थकवा घालवायचा होता. मला विचाराल तर तुमच्या त्या दिव्यांच्या माळांच्या जागांना 'विश्रांतीगृह' हाच शब्द सगळ्यांत शोभतो.

आणि 'उपाहारगृह' लिहाल तर 'पा' सांभाळा. उपाहार म्हणजे फराळ. उपहार म्हणजे भेटवस्तू. निम्म्या पाट्यांवर भेटवस्तूंचं घर असतं.

माजिवडेकरीण

केवढं मिळालं! आता दुसरी यादी. मोकळ्यावर बसून खायला तिथे 'अल फ्रेस्को' म्हणतात. 'उघड्यावरचं खाणं' लिहू का?

सेक्टर सतरा

नको हो! 'उघड्यावरचं खाऊ नये' हे आईपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी सांगितलंय.

पारसिकचा वारा

'अंगणातलं', 'झाडाखालचं', 'मोकळ्या हवेतलं', जे असेल ते. पाम बीच रोडच्या बाजूला गच्ची असते, तिथे सरळ 'गच्चीवरचं जेवण' लिहा.

'अल फ्रेस्को'ची गंमत मात्र अंकात घालाच. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'गारव्यात'. बाहेर बसून जेवायला इटालियन माणूस 'आल्लापेर्तो' म्हणतो. आणि बोलीभाषेत एखाद्याला 'अल फ्रेस्को ठेवलं' म्हणजे तुरुंगात टाकलं. ठाण्यात हा अर्थ अगदी चपखल आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, आज तिथेच मध्यवर्ती कारागृह. शहरातली जुनी युरोपीय वळणाची वास्तू, आणि आत खरोखर अल फ्रेस्को.

खाडीकाठ

पोर्तुगीजांचा विषय निघालाच तर 'युरोपीय जेवण हल्लीच आलं' असं लेखात लिहू नका. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस हे सगळे शब्द त्यांच्याकडून आले. वडापावमध्ये वडा तेवढा आपला.

अर्धा कप

मेनूतल्या 'कॉन्टिनेंटल'बद्दल कुणीच बोललं नाही. इंग्रजांच्या तोंडी 'काँटिनेंट' म्हणजे इंग्लंड सोडून बाकीचा युरोप. आपल्याकडे त्याच मथळ्याखाली पहिला पदार्थ असतो इंग्रजांचाच फिश अँड चिप्स. ज्यांनी स्वतःला यादीतून वगळलं त्यांना आपण मानानं वर बसवलं.

'आंत्रे'चंही तसंच. फ्रान्समध्ये ती सुरुवातीची डिश, अमेरिकेत मुख्य. मेनू कुणी कुठून उतरवलाय त्यावर ठरतं, म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारावं. 'अँटिपास्टी' म्हणजे पास्त्याच्या आधीचं नव्हे, जेवणाच्या आधीचं, 'पास्तो' म्हणजे जेवण. ब्रुस्केट्टा, म्हणजे वर टोमॅटो वगैरे घातलेला भाजका पाव, त्याच्या उच्चारात 'श' नाही. आणि इटलीत कॉफी समजून नुसतं 'लात्ते' मागितलंत तर दुधाचा पेला येईल.

सेक्टर सतरा

उच्चारावरून कुणाला हसू नका, एवढंच म्हणतो. आपण फ्रेंच 'रेस्तोराँ'चा 'ट' ठणकावून उच्चारतो आणि जगतो.

'कोर्स'ला काय लिहिणार? मला 'वाढप' सुचतो. आपल्याकडे सगळं एकदम पानात येतं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. लग्नाच्या पंगतीत साधा वरणभात, मग मसालेभात, मग ताकभात असा क्रम असायचाच. उलट युरोपात एकामागून एक ताट आणायची रशियन पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी फ्रेंच थाट असा की एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि हाताला लागेल ते घ्यायचं.

पंगतीवरून आठवलं, लेखाचं नाव 'सावकाश होऊ द्या' ठेवा. यजमान हात जोडून म्हणायचा ते. तुमच्या 'कॅज्युअल डायनिंग'चा सगळा आशय या तीन शब्दांत आहे, शिवाय सासूबाईंची हरकत येणार नाही.

माजिवडेकरीण

नाव ठरलं! सासूबाईंना आत्ताच विचारलं, पास आहे. शेवटचं: बिलाखालच्या 'सर्व्हिस चार्ज'ला 'सेवाकर' लिहिलंय ते चालेल?

खाडीकाठ

अजिबात नाही. सेवाकर हा सरकारचा होता आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला. हॉटेलवाला लावतो ते 'सेवाशुल्क', आणि ते बिलात आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तशी आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलूनही धरली. फ्रान्समध्ये सेवेची रक्कम पदार्थाच्या दरातच धरलेली असते. इटलीत बऱ्याच ठिकाणी माणशी 'कोपेर्तो' लागतो, टेबल आणि पावाचा म्हणून. आपण तेवढं युरोपीय होऊ नये.

आपण खुशीने ठेवतो त्याला 'बक्षिसी' लिहा.

अर्धा कप

हो, 'बक्षिसी'च. 'चहापाणी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला सरकारी टेबल आठवेल.