उचल कमी झाली, हेही धरा
'पैसे आयते मिळाले की मजूर कामावर येत नाहीत' असं सरकारी योजनांबद्दल म्हणतात, ते पटत नाही. बीडकडच्या भूमिहीन मजुराला पीएम किसान मिळतच नाही, त्याला सातबारा लागतो. लाडकी बहीणचे महिन्याला १५०० मात्र २०२४ पासून बाईच्या खात्यावर येतात.

आमच्या शेजारचं जोडपं दरसाल ऊसतोडीला जातं. पावसाळ्यात हाताला काम नाही, किराणा उधार, म्हणून पोळ्यालाच मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि ती फिटेस्तोवर कोयता चालवायचा. गेल्या साली लाडकी बहीणच्या पैशांवर त्यातल्या बाईनं दुकानाची उधारी वाढूच दिली नाही, उचल निम्मीच घेतली. काम सोडलं नाही. पण ताप आला तेव्हा दोन दिवस कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) निजून राहिली. आधी खाड्याच्या, म्हणजे कामावर न गेल्यास पैसे कापले जाण्याच्या, धास्तीनं तशीच मोळ्या वाहायची.