मदत हवी आहे: वयानुसार खांद्याचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) कडक होतात की मऊ?

धागाकर्ती:
साठीपुढच्या लोकांसाठी खांद्याच्या व्यायामांचं पत्रक करतेय. एका रिपोर्टमध्ये इलॅस्टोग्राफीत (कडकपणा मोजणारी सोनोग्राफी) सुप्रास्पायनेटसचा, म्हणजे हात उचलणाऱ्या खांद्यातल्या एका स्नायूचा, टेंडन मऊ आलाय, पेशंटची तक्रार मात्र 'खांदा आखडलाय'. दोन्ही एकदम खरं कसं? आणि पत्रकातलं 'वयाने टेंडन कडक होतात' हे वाक्य ठेवू की काढू?

टेंडनवेडा:
काढा. पेशंटला जाणवतो तो जखडलेपणा, आणि टेंडनचा कडकपणा म्हणजे ठरावीक ओढीला तो किती कमी लांबतो ते. वयाबरोबर, आणि मधुमेहात जास्तच, साखर कोलॅजेनच्या (टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याच्या) तंतूंना एकमेकांशी बांधत जाते. एवढंच बघितलं तर टेंडन कडक व्हायला हवा. पण त्याच काळात तंतूंची रांग विस्कटते आणि हाडाला चिकटतो तिथे तो झिजतो. झीज वरचढ ठरली की मोजमाप मऊ येतं.

आखडणं बहुतेकदा कॅप्सूलचं, म्हणजे सांध्याभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणाचं. पेशंटला उताणं झोपवा, कोपर अंगालगत ९० अंशात वाकवा, हात बाहेरच्या बाजूला फिरवा. पेशंटने फिरवला काय नि तुम्ही फिरवला काय, एकाच जागी अडत असेल तर कॅप्सूल. फक्त आधी एक्स-रे काढून सांध्याची झीज नाही ना ते बघा. तुम्ही फिरवल्यावर पूर्ण जातो पण स्वतःहून जात नाही, तर टेंडन नाहीतर स्नायू. ४० ते ६० वयात मधुमेह असेल तर फ्रोझन शोल्डरची (हीच कॅप्सूल आखडण्याची) शंका आधी घ्या.

प्रोबधारी:
रिपोर्टातल्या 'मऊ'वर लगेच विश्वास नको. हात कुठे ठेवला होता ते विचारा. तळवा मागच्या खिशावर ठेवला की टेंडन ताणला जातो आणि कडकपणाचा आकडा चढतो; हात मांडीवर सैल असेल तर उतरतो. प्रोब (मशिनचा अंगावर टेकवायचा भाग) तंतूंना समांतर नसेल तरी कमी येतो. दोन वेगळ्या मशिनचे आकडे तर शेजारी ठेवूच नका. त्याच पेशंटचा दुसरा खांदा, तीच स्थिती, निदान तीन वेळा मोजून सरासरी, एवढं केलं तर काही अर्थ.

धागाकर्ती:
मग स्ट्रेचिंग द्यायचं की वजन?

टेंडनवेडा:
कॅप्सूल असेल तर हळुवार ताण, दुखणं भडकवायचं नाही. टेंडन असेल तर भार, कारण टेंडन ओढीला प्रतिसाद देतो, नुसत्या ताणण्याने फारसा सुधारत नाही. रबरी बँड, कोपर अंगाला, हात बाहेर: १० ते १५ वेळा, ३ सेट, दिवसाआड. जाताना ३ सेकंद, येताना ३ सेकंद. येताना झटका बसला की अर्धा व्यायाम वाया. १० पैकी ३-४ पर्यंत दुखलं तर चालेल, पण २४ तासांत पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर बँड हलका करा. १२ आठवड्यांआधी निकाल लावू नका.

धागाकर्ती:
काखेत टॉवेलची गुंडाळी देतात ती कशाला?

टेंडनवेडा:
कोपर अंगापासून सुटू नये म्हणून. गुंडाळी पडली की समजायचं, डेल्टॉइडने (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूने) मध्येच काम पळवलं.

प्रोबधारी:
पत्रकात एक ओळ ठळक टाका: साठीपुढे पडल्यावर हात वर उचलताच येत नसेल, तर बँड बाजूला ठेवून आधी सोनोग्राफी. ताजा फाटलेला टेंडन महिनाभर व्यायामात घालवला तर स्नायू आक्रसतो, त्यात चरबी शिरते आणि शिवणं अवघड होत जातं.