भाड्याचं घर घेताना गणपती धरून चाला

पुण्याहून ये-जा करून कोकणातल्या नव्या घराचं बांधकाम बघायचं की गुहागरलाच घर भाड्यानं घ्यायचं असं विचारलंय ना, तर भाड्यानंच घ्या, आम्ही दापोलीजवळ दीड वर्ष तसंच काढलं. फक्त एक गोष्ट आधीच बोलून घ्या. गावात रिकामी घरं असतात ती बहुतेक मुंबईकरांची, आणि गणपतीत नि मे महिन्यात ते येणार म्हणजे येणारच, आम्हाला ओटी, माजघर सगळं मोकळं करून द्यायला लागलं आणि आम्ही चौघं पाच दिवस मागच्या पडवीत, वर मखर बांधायला स्टुलावर चढलेलो मीच. मजा आली, पण ती नंतर आठवताना. आणि हो, विहीर मे महिन्यात बघा, ऑगस्टमध्ये सगळ्याच भरलेल्या दिसतात.

बांधकाम दिवाळीनंतर काढा. पावसात चिऱ्याच्या, म्हणजे भिंतीला लागणाऱ्या जांभा दगडाच्या, खाणी बंद, म्हणून लागणारा चिरा मे अखेर साईटवर आणून टाकलेला बरा, जांभा खाणीतून काढला की मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होत जातो, त्यामुळे पडून राहिला म्हणून बिघडत नाही. जोत्यातल्या, म्हणजे घराच्या चौथऱ्यातल्या, भरावावर मात्र लाद्या बसवायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्याच, चांगला दबून बसतो, आम्ही घाई केली आणि आता हॉलमधल्या दोन लाद्या डुगडुगतात, बायको रोज ऐकवते. शिमग्यात गवंडी येईल असं धरू नका, ग्रामदेवतेची पालखी घरी यायची असते, आमचा तर आठवडाभर फोनच उचलत नव्हता.